बिनवासाची दोरी

१

पैलवान सापडला तो धरणाचं पाणी बंद झाल्यावर.

आमची नदी म्हणजे धरणाची मर्जी. वर दरवाजे उघडले की घळीतून पाणी असा धिंगाणा घालत येतं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. दरवाजे टाकले की थोड्या वेळात नुसते धोंडे आणि डबकी. घळ आहे तरी केवढीशी! मी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या बोटी, उतरवून क्लबची गाडी रस्त्याने खाली आणते, तोवर पोरं त्या पाण्यातून खाली पोचून माझ्या नावाने ओरडत असतात, "आत्या, लवकर!" मी सख्खी आत्या एकाचीच, खारूची. बाकीच्यांनी आयतं नातं जोडलं.

त्या सकाळी शर्यतीच्या संघाची निवड होती. संघात जागा एक आणि दावेदार दोन, माझा भाचा खारू आणि त्याचा जिवलग दोस्त पैलवान. आधी पैलवान उतरणार होता, आणि घशापाशी दोरी घेऊन खारू उभा होता.

घसा म्हणजे घळीतली सगळ्यात अरुंद जागा. तिथे पाणी खाली कोसळतं आणि मागे वळून पुन्हा स्वतःवरच चढतं. त्यात बोट उलटली तर माणूस गोल गोल फिरत राहतो, त्याला काठावरून ओढूनच काढावं लागतं. त्यासाठी काठावरच्या माणसाच्या हातात एक छोटी थैली असते. थैलीत दोरी. दोरीचं टोक हातात धरायचं आणि थैली बुडणाऱ्याकडे भिरकावायची, की जाता जाता दोरी आपोआप सुटत जाते.

पैलवानाची बोट उलटली. तो बोटीतून बाहेर पडला, डोकं वर आलं, हातही वर आला. खारूने थैली फेकली. मी वर रस्त्यावर गाडीपाशी होते, मला सगळं दिसत होतं. थैली गेली, आणि अर्ध्या वाटेत कुणीतरी मागून खेचावी तशी हिसका खाऊन पाण्यात पडली. खारूने ती ओढून पुन्हा फेकली. पुन्हा तेच! खालून कोच दुसरी थैली घेऊन धावत येईपर्यंत तो हात दिसेनासा झाला होता.

दरवाजे बंद केले, घळ रिकामी झाली, आणि खालच्या डबक्यात तो सापडला. एवढा दांडगा पोरगा! मी तिकडे बघू शकले नाही.

कोचने खारूच्या हातातली थैली हिसकावली, तोंड फाकवून आत बघितलं आणि ओरडला, "अरे, ही आत बांधून ठेवली आहे! ही सुटेलच कशी?"

सगळे खारूकडे बघायला लागले. खारूने थैलीत एकदाच डोकावून बघितलं. त्याचा चेहरा असा उतरला की मी वरून ओरडले, "खारू, बस खाली!" तो बसला नाही. एवढंच म्हणाला, "मीच भरली होती. दुसऱ्या कुणी हात लावलेला नाही."

२

तपासाला पोलिसांच्या मॅडम आल्या. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, बोलणं कमी. थैली त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सील केली आणि दम दिला, "आत काय होतं ते बाहेर बोलायचं नाही. कुणाशीही."

त्यामुळे गावभर एवढंच झालं की दोरी कमी पडली. खारूच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या दादानेही तेच ऐकलं. बिचारा दिवसभर म्हणत होता, "आखूड दोरी कशाला न्यायची? मला सांगितलं असतं तर मी लांब आणून दिली असती." दादा निवृत्त वायरमन. वहिनी गेल्यापासून हा माणूस रिकामा बसलाच नाही. धू, पूस, दुरुस्त कर, नीट लाव. त्याच्यामुळे आमच्या घरात धूळसुद्धा विचारून बसते.

मॅडमनी आम्हाला एकेकाला सामानाच्या खोलीत बोलावलं. लांबट खोली, एका भिंतीला कयाक, दुसरीला हेल्मेटं आणि थैल्यांच्या खुंट्या, घशावर न्यायच्या थैलीची खुंटी वेगळी, कोपऱ्यात धरणाशी बोलायचा फोन.

कोच आधी आत गेला आणि बाहेर आला तो माझी नजर चुकवत. मी सोडते होय? दारातच धरला.

"काय सांगितलंस?"

"जे ऐकलं ते. आदल्या संध्याकाळी दोघं याच खोलीत भांडले. खारू ओरडला, उद्या घशातच अडकून बस!"

"अरे, ही पोरं एकमेकांना रोज मर म्हणतात. तूही परवा मला म्हणालास."

"आत्या, तुम्ही मेला नाहीत ना!"

मला असा संताप आला की विचारू नका. हा कोच तरी कुठला धुतल्या तांदळाचा? पैलवान दुसऱ्या क्लबात जाणार म्हणून महिनाभर त्याच्याशी धड बोलत नव्हता. ते मी मॅडमना न विचारता सांगून टाकलं.

"खोलीच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?" त्यांनी विचारलं.

"तिघांकडे. एक कोचकडे, एक धरणाच्या गेटवाल्याकडे, त्याला फोनसाठी लागते. आणि एक माझी, ती स्वयंपाकघरात खिळ्याला असते."

"गेटवाल्याचं पैलवानाशी कसं होतं?"

"त्याच्या मुलीचं लग्न पैलवानाशी ठरलं होतं, ते मोडलं. पैलवानानेच मोडलं. तेव्हापासून गेटवाला त्याचं नाव घेत नव्हता."

मॅडमनी मान हलवली. "पण तुमचा भाचा म्हणतो, कुणी हात लावायचा प्रश्नच नाही. थैली रात्रभर त्याच्या उशाशी होती."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या सकाळी खारू नेहमीप्रमाणे उशिरा उठला होता. धावत सामानाच्या खोलीत शिरला, खुंटीवरची थैली ओढली आणि चालत्या गाडीत उडी मारून बसला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

पोरगा धडधडीत खोटं बोलत होता, आणि तेही स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घ्यायला.

३

घरी जिवाला चैन पडेना. भांडी घासली, ती घासलेलीच होती. शेवटी पायात चपला सरकवल्या आणि तडक मॅडमकडे गेले. त्या रिकाम्या घळीत उभ्या होत्या, घशाच्या बरोबर खाली, खडकावरची पाण्याची रेघ बघत.

"पाणी ठरल्याएवढंच सोडलं होतं," त्या म्हणाल्या. "रेघ रोजच्या शेवाळाच्या वर गेलेली नाही. म्हणजे गडबड पाण्यात नाही, दोरीतच आहे. तुम्ही का आलात?"

"माझा भाचा खोटं बोलतोय म्हणून."

"आरोपीची आत्या येऊन असं सांगते?"

"अहो, तो खरं बोलला असता तर मी सुखाने घरी बसले असते!" मी सगळं सांगितलं आणि मग जे दिवसभर डोक्यात टोचत होतं तेही ओकून टाकलं. "आणि त्या दिवशी माझ्या गाडीत वास नव्हता."

"कसला वास?"

"ओल्या दोरीचा. आदल्या दिवशी सराव झाला, तोही चिखलात. खारूने माझ्यासमोर थैली भरली. ही पोरं ओली दोरी तशीच कोंबतात, रात्रभर ती कुबट होते. सकाळी गाडीत असा वास सुटतो की मी काच खाली करते. त्या दिवशी थैली माझ्या शेजारी खारूच्या मांडीवर होती आणि मी काच खाली केलीच नाही."

मॅडम पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघायला लागल्या. "दोरी चिखलाची असायला हवी होती," त्या सावकाश म्हणाल्या. "थैलीत उरलेली दोरी मी पाहिली. नदीत पडून आली तरी तिच्या पदरांत साबणाचा पांढरा थर आहे."

"म्हणजे कुणीतरी धुतली?"

"आता सांगा, खारू कुणाला पाठीशी घालेल?"

मला लख्ख उजेड पडला. गेटवाल्याची मुलगी! लग्न मोडल्यावर खारूच तिच्याकडे जाऊन बसायचा. पोरगी रडायची आणि हा तिला हसवायचा. ती दिसली की याच्या हातातलं वल्हं खाली पडायचं. तिच्या बापासाठी हा बावळट फासावरसुद्धा चढेल.

"चला," मी म्हणाले, "गेटवाल्याकडे."

निघाले खरी, पण गाडी खडीत रुतली. मागची ओढायची दोरी काढायला गेले तर ती दादाने बांधून ठेवलेली. त्याच्या हातची गाठ सुटता सुटत नाही. नख मोडलं, चार शिव्या दादाला घातल्या, शेवटी मॅडमनीच गाडी ढकलली.

गेटवाला दारातच उभा होता. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "मला माहीत आहे तुम्ही का आलात. हो, त्या संध्याकाळी मी खोली उघडली होती. फोन करायचा होता. पण मी थैलीला हात लावला नाही."

"कशावरून?" मी कमरेवर हात ठेवून उभी.

"लावणार कसा? घशाच्या खुंटीवर थैली नव्हतीच. खुंटी रिकामी होती."

४

मी घरी आले ती चक्रावूनच. संध्याकाळी थैली नव्हती आणि सकाळी होती. म्हणजे कुणीतरी मधल्या वेळात नेली, धुतली, वाळवली आणि परत आणून टांगली. बरं, गेटवालाच खोटं बोलत असेल तर? पण त्याला खोटं बोलायचंच असतं तर त्याने खोली उघडल्याचं तरी का कबूल केलं असतं? मॅडम निरोप घेताना म्हणाल्या होत्या, "उद्या सगळ्यांना खोलीत बोलवा. परवा मला खारूला अटक करावी लागेल. वरून फोनवर फोन येताहेत."

खारू मागच्या अंगणात पायरीवर बसला होता. डोक्यावर दादाने वाळत घातलेले कपडे, एका रांगेत, चिमटेसुद्धा सारख्या अंतरावर.

"तिच्या बापाने केलं ना?" मी थेट विचारलं.

"कुणाच्या बापाने?" तो दचकला.

"गेटवाल्याने. तू त्या मुलीपायी गप्प आहेस."

त्याने श्वास सोडला. हसला की काय असं वाटलं मला. "नाही गं आत्या. त्यांचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा आहे? खारू, उद्या नाही तर परवा तुला आत टाकतील! खून म्हणतील! पैलवानाची आई रस्त्यात मला बघून थुंकली. तिला वाटतं तिच्या पोराला तू मारलंस. तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं," तो म्हणाला. "तो माझ्याकडे बघत होता आत्या. पाण्यातून. मी फेकणार आणि तो धरणार, याची त्याला इतकी खात्री होती." मग बाहीने नाक पुसून म्हणाला, "फेकणाऱ्याने थैली तपासायची असते. मी तपासली नाही. त्यामुळे जे झालं ते माझंच. विषय संपला."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने तो धरून ठेवला.

"एक कर. उद्या बाबांना तिकडे येऊ देऊ नकोस."

मला वाटलं, बापासमोर आरोपी म्हणून उभं राहायची लाज वाटत असेल. "बरं," म्हणाले.

म्हणाले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी खोलीत एवढी माणसं जमणार, डोकी तापलेली असणार, म्हणून घरातून निघता निघता मीच दादाला सांगितलं, "थोड्या वेळाने सगळ्यांना चहा घेऊन ये."

५

मॅडमनी खोलीच्या मधोमध एक भिजलेली दोरी टाकून ठेवली होती, नुसता गुंता. कोच आला, गेटवाला आला, खारू येऊन कयाकला टेकून उभा राहिला. मी स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले.

"तुमच्या पायात आहे ती दोरी जरा उचलून धरा," मॅडम कोचला म्हणाल्या आणि त्याच दमात विचारलं, "पैलवान क्लब सोडणार हे तुम्हाला कधी कळलं?"

कोच तावातावाने बोलायला लागला. बोलता बोलता त्याच्या हातांनी दोरी मुठीमुठीने एका रिकाम्या थैलीत कोंबायला सुरुवात केली होती. ना वेटोळं, ना गाठ. दिसायला अगदी गबाळं. थैली भरून झाली तरी त्याला पत्ता नव्हता. मॅडमनी ती उलटी करून हिसडली, तर दोरी सळसळत बाहेर आली आणि पुन्हा जमिनीवर पसरली.

मग गेटवाल्याची पाळी. त्याच्या हातात दोरी दिली तर त्याने ती पायाने कोपऱ्यात लोटली. "मला काय करायची ती? आमच्याकडे सगळं बटणावर चालतं."

खारूकडे आल्यावर मात्र त्याने दोन्ही हात खिशात घातले. "मी हात लावणार नाही."

"लावू नकोस," मॅडम म्हणाल्या. "तू कशी भरतोस ते तुझ्या आत्याने पाहिलंय. आता मी काय विचार केला ते सांगते. त्या थैलीतली दोरी वेटोळं करून, वेटोळ्याच्या कमरेला वळसे देऊन, घट्ट बांधलेली होती. कुणाला वाटेल, जीव घ्यायला बांधली. पण ती आधी साबणाने धुतलेली होती, वाळवलेली होती. ज्याला कुणाला मारायचंय तो दोरी धुवत कशाला बसेल? आणि ज्याला नदी माहीत आहे तो दोरी कधी गुंडाळत नाही, कारण गुंडाळलेली दोरी फेकताना सुटत नाही. म्हणजे हा माणूस नदीवरचा नाही. त्याच्या मनात वाईटही काही नव्हतं. त्याला फक्त..."

"बस करा!" खारू ओरडला. "मी सांगतोय ना मी केलं! घाला मला आत!"

तेवढ्यात दार ढकललं गेलं. चहाचा ट्रे घेऊन दादा आत आला.

"बाबा, तुम्ही घरी जा," खारू म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"जातो की. चहा तरी घ्या." दादाने ट्रे टेबलावर ठेवला, कप सारखे केले आणि त्याची नजर कोपऱ्यातल्या गुंत्यावर गेली. "हे असं पसरून ठेवतात का? पाय अडकून पडेल कुणीतरी."

आणि त्याने दोरी उचलली.

तळहातापासून कोपरापर्यंत, कोपरापासून तळहातापर्यंत. चाळीस वर्षं वायरी गुंडाळलेला हात तो. माझी इस्त्रीची वायर, अंगणातली वाळवणाची दोरी, गाडीची ओढायची दोरी, सगळं याच हाताने गुंडाळलेलं. ट्रेमधला कप खाली पाडावा, किंचाळावं, काहीतरी करून त्याला थांबवावं असं वाटत होतं आणि माझ्याच्याने हललं गेलं नाही. दादाने वेटोळ्याच्या कमरेला वळसे दिले, टोक मधल्या फटीतून ओढून घट्ट केलं आणि ते नीटस बंडल घशाच्या खुंटीवर टांगलं.

"हं. आता कसं शोभतंय."

कुणी चहाला हात लावला नाही. मॅडमनी सील फोडून पिशवीतली थैली काढली, तिच्या तोंडातून ते दबलेलं बंडल बाहेर ओढलं आणि खुंटीवरच्या बंडलाशेजारी धरलं. वेटोळी तेवढीच लांब. वळसे त्याच जागी, टोकही त्याच फटीतून आलेलं.

दादाने दोन्हीकडे बघितलं. "ही मीच धुतली होती," तो सहज म्हणाला. "निवडीच्या दिवशी पोरगा घाणेरडी दोरी घेऊन जाणार, बरं दिसतं का? तुझीच किल्ली घेतली होती खिळ्यावरची." शेवटचं मला उद्देशून. मग त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. "का? काय झालं?"

६

सांगितलं मॅडमनी. मला ते जमलं नसतं. अगदी साध्या शब्दांत सांगितलं, कोचला थैली भरून दाखवायला लावली, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेकायला लावली. मग दादाचं बंडल थैलीत घालून फेकलं. ते अर्ध्यात हिसका खाऊन धपकन पडलं.



"हा खून नाही," मॅडम म्हणाल्या. "तसंच मी लिहीन. खारू सुटला."

मी याचसाठी धावत होते ना? वासाचं मीच सांगितलं, चहाचंही मीच. भाचा सुटला आणि सापडला माझा दादा.

खारू माझ्या अंगावर आला. "तुला सांगितलं होतं ना, यांना आणू नकोस! मी निभावलं असतं! थैलीत बघितलं त्याच क्षणी मला कळलं होतं, घरात जन्मभर हीच गाठ सोडत आलोय मी. काही वर्षं आत काढली असती. यांना कधी कळलंही नसतं!"

"गप," दादा म्हणाला.

दादाचा आवाज आमच्या घरात कुणी चढलेला ऐकलेला नाही. तेव्हाही चढला नव्हता.

"तू तुरुंगात आणि मी घरी तुझे कपडे धुऊन वाळत घालतोय, दोरी आखूड होती असं लोकांना सांगत. हे ठरवलं होतंस तू? आणि पैलवानाच्या आईने जन्मभर तुला शिव्याशाप द्यायचे? बाप मी आहे खारू. तू नाहीस."

खारू तोंड झाकून रडायला लागला. त्या दिवसापासून पहिल्यांदाच. दादा त्याच्याजवळ गेला, पण त्याला जवळ घेताना हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने ते पोराच्या पाठीवर ठेवले. मीही रडले. कोच आणि गेटवाला कधी निघून गेले ते कळलंही नाही.

मग दादाने खाली पडलेल्या थैलीतून आपलं बंडल काढलं, टोक ओढून गाठ सोडली आणि दोरी जमिनीवर पसरू दिली. "कशी भरायची ती?"

खारूने रिकामी थैली त्याच्या हातात दिली. "मुठीने कोंबायची, बाबा. वेडीवाकडी. नीट करायची नाही."

दादा खाली बसून भरायला लागला. दर दोन मुठींनंतर त्याचा हात सवयीने वेटोळं करायला जायचा आणि खारू त्याचं मनगट धरून थांबवायचा. मला ते बघवेना. मी गाडी काढायला बाहेर गेले, कारण पुढे कुठे जायचं ते दादाने न सांगताही मला कळलं होतं.

आम्ही पैलवानाच्या घरी निघालो. मी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. खारू उतरायला लागला तसं दादाने त्याला हाताने मागे बसवलं.

"मी एकटा जातो."

"त्या अंगावर धावून येतील, दादा," मी म्हणाले.

"येऊ देत."

त्याने शर्ट खाली ओढून नीट केला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तसाच सोडून दिला. दारापर्यंत गेला आणि कडी वाजवली. दार उघडलं. ती माउली उंबऱ्यात उभी होती, आणि दादाने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले होते, तळवे वर करून. तो काय बोलला ते गाडीपर्यंत ऐकू आलं नाही. तिने त्या हातांकडे बघितलं.

तिने मारलं नाही. आत या असंही म्हणाली नाही. ती तिथेच उंबऱ्यावर खाली बसली, आणि थोड्या वेळाने दादाही तिच्यासमोर जमिनीवर बसला.

वर धरणाचा भोंगा वाजला. पाणी सुटत होतं. खारूने मागच्या सीटवरची थैली मांडीवर घेतली, तोंड उघडलं आणि आत हात घालून तळापर्यंत तपासली.